कप्तान आबाजींचे खडक

“चपला हातात घे वं, कप्तानाचा डोंगा हाय,” काठावर एक बाई दुसरीला म्हणाली. दोघींनी लुगडी वर खोचली आणि त्या छोट्या होडीत चढल्या. त्यांच्यामागून मी, बॅग छातीशी धरून. नोकरीसाठी नागपूरला निघाले होते. वरठी स्टेशनची ऑटो पलीकडच्या काठावरून मिळते.

आमच्या तलावात पाणी कमरेएवढं, खडक मात्र पुष्कळ. तिथे जेवढे डोंगे फुटले तेवढे आबाजींचेच. वल्हं मारताना ते तोंड आमच्याकडे करून बसत. डोंगा जाई त्यांच्या पाठीकडे. “पाव्हण्याले पाठ दाखवू काय?” म्हणत.

स्वतःची चूक त्यांनी कधी मानली नाही. “खडकच अंगावर आला,” एवढंच सांगत. मग ज्या पाहुण्यासोबत डोंगा फुटला, त्याचं नाव त्या खडकाला मिळे. तलाठ्याच्या खडकावर तलाठीसाहेब बूट डोक्यावर धरून उभे राहिले होते. नवरदेवाच्या खडकावरून एक नवरदेव ओल्या पँटीनिशी थेट मांडवात गेला. “संसार पाहा त्याचा, अजून थंडा हाय,” आबाजी अभिमानाने सांगत.

“डोंगा खडकावर चालला,” असं कुणी म्हटलं, तर ते वल्हं मांडीवर ठेवून विचारत, “कप्तान कोन हाय?” उत्तर मिळेपर्यंत डोंगा खडकावर पोचलेला असे.

माझ्याबद्दल त्यांना आदर होता. “इंग्रजी शाळेची पोरगी हाय. फालतू बोलत नाही.” खरं तर मला खडक दिसे, मनात वाक्यही तयार होई, पण ते ओठांवर येईस्तोवर आम्ही पाण्यात. दोन खडक माझ्या नावाचे आहेत.

हा डोंगा नवा होता. वरठीला कामाला असलेल्या मुलाने तो करून देताना बजावलं होतं, “बाबा, हा शेवटचा. फुटला तं माह्या खोलीवर राहाले चालाचं.” आबाजी ती खोली पाहून आले होते. “खिडकीतून दुसऱ्याची भिंत दिसते,” वल्हं मारता मारता ते मला सांगत होते. “तिच्यासंगं काय बोलू?”

त्यांच्या खांद्यामागे तलाठ्याचा खडक मोठा होत चालला होता. बायांनी चपला उंच धरल्या. आबाजी अजून त्या भिंतीबद्दलच बोलत होते.

“आबाजी,” मी म्हणाले, आणि माझा आवाज ऐकून त्या दोघीच दचकल्या, “तुमच्या मांगून खडक येऊन रायला.”