निजामाबादचे एकशे बारा मेल

प्रल्हाद गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंबरपेठेत भाजी घेत होतो. पहिला विचार आला तो लिहायला लाज वाटते... आता ते कुणालाच कळणार नाही.

पंचवीसेक वर्षांपूर्वी आम्ही दोघं एका कंपनीच्या मुख्य कार्यालयात मेल सांभाळायचो. शाखांकडे कायमचं इंटरनेट नव्हतं. टेलिफोनच्या लाइनवरून दिवसातून दोनदा, दहा-दहा मिनिटं त्या जोडल्या जायच्या. तोवर त्यांचे मेल आमच्या सर्व्हरवर रांगेत पडून. मी वेळापत्रक बसवलं होतं : दर अर्ध्या तासाला एक प्रयत्न, दिवसाला अठ्ठेचाळीस. बहुतेक वाया जायचे. चार दिवसांत पोचला नाही तर मेल पाठवणाऱ्याकडे परत.

प्रल्हाद हसला. "भाई, समोर कोणी नसताना कायको परेशान व्हायचं? ते आले की आवाज देतील ना!" त्यानं तशी सोय केली. शाखा जोडली गेली की सर्व्हरला खूण मिळायची आणि सगळी रांग एका दमात जायची. मग शाखांचे फोन त्यालाच येऊ लागले. मी उचलला तर, "प्रल्हादभाई नाहीत काय?" एका आठवड्यात मी मोजले. त्याला एकतीस, मला चार.

तो मेहुणीच्या लग्नाला नांदेडला गेला, तेव्हा ती खूण बंद करून मी माझं वेळापत्रक परत लावलं. त्यानंही काम भागतं, एवढंच दाखवायचं होतं. निजामाबाद शाखेची दहा मिनिटं नेमकी माझ्या दोन प्रयत्नांच्या मधे पडत राहिली आणि पाचव्या दिवशी तिचे एकशे बारा मेल परत गेले. साहेब भडकले. प्रल्हाद त्याच सकाळी परतला होता. म्हणाला, "जाताना मीच नीट बघितलं नाही, सर." मी शेजारी उभा होतो, गप्प... त्या वर्षी बढती मला मिळाली.

मागच्या रविवारी नल्लकुंट्याला प्रल्हादच्या घरी जाऊन वहिनींना सगळं सांगितलं.

"त्यांना तेव्हाच कळलं होतं," वहिनी म्हणाल्या. "घरी येऊन हसले. म्हणे, इतक्या नेटक्या वेळा लिहिणारा आमच्यात एकच माणूस आहे."

"मग मला बोलला का नाही?"

"येईल म्हणायचे, स्वतःच सांगायला."

रविवारच्या चहाला तो एक कप पाणी जास्त ठेवायला लावायचा. वहिनी अजून ठेवतात. माझ्या घरापासून त्याचं घर जेमतेम तीन किलोमीटर. तो जास्तीचा कप त्या दिवशी मी प्यालो. इतकी वर्षं वाट बघणं मला जमलं नसतं... चहा संपेपर्यंत त्याच्या त्या धीराचाही हेवाच वाटत राहिला.