साखळीच्या वाटेवरून खाली

तुमचा ईमेल मी दोनदा वाचला. सुट्टीत तुम्ही इटलीच्या डोंगरांत जाणार, तिथे कड्याला लोखंडी पायऱ्या ठोकलेल्या असतात, बाजूने तारेचा दोर असतो, कमरेच्या पट्ट्याचे दोन आकडे त्या दोरात अडकवत वर जायचं. त्या वाटेला विया फेराटा म्हणतात, हेही कळलं. शेवटी तुम्ही लिहिलंय, "आई खाली हॉटेलवर थांबणार, तिला लहानपणापासून उंचीची भीती वाटते ना!"

या शेवटच्या वाक्यासाठी मी हे लिहायला बसले आहे.

तशी एक वाट आमच्याकडेही आहे. जुन्नरला शिवनेरीवर जायचे दोन रस्ते. एक सात दरवाज्यांचा, रुंद पायऱ्यांचा. सहली त्यानेच जातात. दुसरा गावाच्या बाजूने, लेण्यांवरून. तिथे कातळात पावलापुरत्या खोबण्या खोदल्या आहेत आणि हाताला धरायला लोखंडी साखळी आहे. तुमच्यासारखा पट्टा नाही की आकडे नाहीत. साखळीची वाट म्हणतात तिला.

तेव्हा आम्ही मंचरला राहायचो. मी शाळेत इंग्रजी शिकवत होते. तुमचे आजोबा गुरांचे डॉक्टर. मेंढ्यांच्या वाड्यांवर फिरून फिरून त्यांना डोंगर अंगणासारखे झाले होते. नव्वद साल नुकतंच उलटलं होतं, तुमची आई चौदा वर्षांची होती, आणि साखळीने वर जायचं हे त्या दोघांचं कधीपासून ठरलेलं होतं. थंडीतल्या एका रविवारसाठी मी हो म्हटलं. माझ्या पद्धतीप्रमाणे आदल्या दिवशी यादी केली: पाणी, भाकरी, काकड्या, टिंक्चर, कापूस. आणि तिला शाळेचे नवे कॅनव्हासचे बूट घालायला लावले.

साखळीच्या पायथ्याशी आजोबांनी चपला काढून पिशवीत टाकल्या. म्हणाले, "एका वेळी एकानेच चढायचं. साखळी हलली की दुसऱ्याचा हात सुटतो. मी वर जाऊन टाक्यातून पाणी भरतो, मग ही येईल, मग तू." आणि सरसर वर जाऊन कड्याआड दिसेनासे झाले.

बाजूला एक बाई गवत कापत होती. माझ्याच वयाची असेल. म्हणाली, "बाई, पोरीचं बूट काढा. ह्या खडकाला बूट चालत न्हाई."

"राहू द्या. काटा-काच लागेल."

"आमी रोज भारा घेऊन उतरतो, आमाला कुठं काय व्हतं?"

"धनुर्वात होतो," मी म्हटलं. शाळेत म्हणते तसंच म्हटलं असणार, कारण ती हसली.

"लई शिकलेल्या दिसताय. पण खडकाला कुठं शाळा म्हाईत?"

तुमची आई लेस सोडायला वाकली होती. मी नुसतं पाहिलं, तशी ती परत सरळ उभी राहिली आणि बूट घालूनच चढायला लागली.

अर्ध्याच्या वर गेली असेल, तेव्हा तिचा बूट खोबणीतून घसरला. दोन्ही हात साखळीवर, एक पाय हवेत. मग तिने पाय परत खोबणीत ठेवला, वळून खाली पाहिलं आणि हसली. हे नीट ऐका. ती हसली. "आई, बघितलंस?" असंसुद्धा म्हणाली.

मी ओरडले, "खाली ये. आत्ताच्या आत्ता!"

"अगं, आता थोडंच राहिलंय!"

"उतर म्हटलं ना!"

ती गवतवाली बाई विळा टाकून माझ्याजवळ आली. "अवो, चढू द्या तिला. निम्म्याच्या वर गेलीया. उतरनं लई वंगाळ हाय हितं."

"तुम्ही मधे पडू नका."

तिने माझ्याकडे टक लावून पाहिलं. "भ्या तुमाला वाटतंय, बाई. पोरीला न्हाई."

तुमची आई उतरली. उतरताना खोबण्या दिसत नाहीत, पाय चाचपत ठेवावा लागतो. शेवटच्या टप्प्यात त्या बाईनेच वर चढून तिचा एकेक पाय धरून खोबणीत बसवला. तरी नडगीला खरचटलंच. आजोबांना हाका मारल्या, पण वर पोचल्या नसाव्यात. मग आम्ही लेण्यांवरून खाली आलो, गडाला वळसा घातला आणि सात दरवाज्यांच्या पायऱ्यांनी वर गेलो. दीड तास तरी लागला.

आजोबा साखळीच्या तोंडाशी ओणवे होऊन खाली पाहत उभे होते. आम्ही पाठीमागून आलो, ते दचकलेच. चेहरा पांढरा झाला होता.

"कुठे होतात तुम्ही? मी दोनदा अर्ध्यापर्यंत उतरून आलो!"

आता मला सांगता आलं असतं, की मी घाबरले. दोन शब्द. पण शाळेत शंभर मुलींना धिटाईने बोला म्हणणारी मी, मला ते जमलं नाही.

"अहो, ती घाबरली," मी म्हटलं. "पाय लटपटायला लागले. मग मीच म्हटलं, नको."

आमच्या घरात माझा एक नियम होता: मोठ्यांचं बोलणं चारचौघांत खोडून काढायचं नाही. तुमच्या आईने तो लहानपणापासून पाळला होता. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं. मग म्हणाली, "हो बाबा. चक्कर आल्यासारखं झालं."

आजोबांनी तिला जवळ बसवलं, नडगीला टिंक्चर लावलं. "असू दे गं, होतं असं. पुढच्या वेळी." त्यांनी काकड्या आधीच चिरून, मीठ लावून ठेवल्या होत्या. उन्हात सुकल्या होत्या. आम्ही त्या खाल्ल्या.

पुढची वेळ आली नाही. जे एकदा म्हटलं गेलं ते घरात खरं होऊन बसलं. शाळेची सहल हरिश्चंद्रगडाला निघाली, तेव्हा तिने नाव दिलं नाही. वसतिगृहात तळमजल्याची खोली मागून घेतली. पाहुणे आले की आजोबा कौतुकानेच सांगायचे, "आमची पोर गणितात वाघीण, पण उंची म्हटली की संपलं." ती हसायची. सुरुवातीला ते हसणं माझ्यासाठी असायचं, मला कळायचं. नंतर कधीतरी तिलाही ते खरंच वाटायला लागलं. नेमकं कधी, ते माझ्या लक्षात आलं नाही. मी तिची आई, आणि माझ्या लक्षात आलं नाही.

लग्न होऊन ती परदेशी निघाली त्या आठवड्यात आजोबा म्हणाले, "चल, जायच्या आधी एकदा साखळीने जाऊ. अनवाणी. मी तुझ्या खालीच राहीन."

"नाही हो बाबा. मला नाही जमायचं ते."

मी पलीकडे स्वयंपाकघरात पोळ्या करत होते. दार उघडं होतं, सगळं ऐकू येत होतं. मी तव्यावरची पोळी उलटली.

तुम्ही दोघं झालात, त्यानंतर काही वर्षांनी आजोबा गेले. शेवटपर्यंत त्यांना वाटत होतं, की दोष त्यांचाच, पोरीला एकटं सोडून ते पुढे गेले म्हणून ती घाबरली. हे ते मला अधूनमधून बोलून दाखवत. मी म्हणायचे, "जाऊ द्या हो, किती जुनं झालं ते." त्यांना आता काही सांगता येत नाही.

तुम्हाला मराठी बोलता येतं, पण लांबलचक पत्र वाचताना अडखळता, म्हणून माझी पत्रं तुमची आईच तुम्हाला वाचून दाखवते. हे मला माहीत आहे, आणि म्हणूनच पत्र तुमच्या नावाने लिहिलं. थेट तिला लिहायला आठ दिवस बसत होते. दर वेळी कागद फाडला.

तेव्हा वाचता वाचता ती इथे थांबली असेल, तर तिला थोडा वेळ द्या. मग विचारा, ती त्या साखळीवर हसली होती की नाही. आणि तिच्या मापाचा पट्टाही मागवून ठेवा. बूट कोणते घालायचे ते तिचं तिला ठरवू दे.