शंकेखोर तत्त्वज्ञाचं काम

लॉकडाऊनमधल्या गणपतीत, इथे परदेशात, स्कोफिल्ड्स या आमच्या उपनगरातल्या मराठी मंडळींनी ऑनलाइन नाटक बसवलं. जुन्या फ्रेंच उपहासकथांच्या धर्तीचं. एक गुरुजी, जहाज बुडालं तरी सगळं भल्यासाठीच झालं म्हणणारे, आणि त्यांच्यासमोर एक निराशावादी तत्त्वज्ञ, त्यांचा एकही शब्द खरा न मानणारा. तो तत्त्वज्ञ मला दिला. "तुझं तोंड मुळातच एरंडेल प्यायल्यासारखं असतं," दिग्दर्शक म्हणाला. दीड वर्ष घरातूनच काम करून मी इतकी आंबले होते, की भांडायचाही कंटाळा आला.

तालमी लंच ब्रेकमध्ये. गुरुजी म्हणायचे, "वादळ आलं म्हणून तर किनारा दिसला!" मी म्हणायचे, "किनाऱ्यावर काय वाढून ठेवलंय ते आधी बघा." लगेच स्वयंपाकघरातून नवरा ओरडायचा, "अगं, सणासुदीचं घरात अभद्र बोलू नकोस, वास्तू तथास्तु म्हणते!" मंडळाच्या अध्यक्षांचंही तेच. गणपतीसमोर असलं नको म्हणून त्यांनी माझी निम्मी वाक्यं कापली. तत्त्वज्ञ नुसता मान हलवायला उरला. म्हटलं, जाऊ दे.

त्याच आठवड्यात पुण्यात आई आजारी पडली. तेव्हा इथून देशाबाहेर जायला इथल्या सरकारची परवानगी लागायची आणि अर्जाला तिथल्या डॉक्टरांचं पत्र. भावाकडे पत्र मागितलं.

"ताई, कशाला एवढा खटाटोप? आई मस्त आहे. आत्ताच वरणभात जेवली."

"दे तिच्याकडे फोन."

"झोपलीये गं."

दुसऱ्या दिवशीही झोपलेली, तिसऱ्या दिवशीही. परदेशातल्या माणसाला आपल्याकडे आजारपण निम्मं करून सांगतात, हे काय मला ठाऊक नव्हतं? पण तो अर्ज, ती तिकिटं, परतल्यावर हॉटेलात चौदा दिवस कोंडून घेणं, सगळं डोळ्यांसमोर आलं, आणि "बरं" म्हणून मी मोकळी झाले. खरं सांगते, सुटल्यासारखं वाटलं. त्याची लाज अजून जात नाही.

नाटक छान झालं. भावाला पहिला फोन केल्यापासून चौथ्या दिवशी आई गेली. तिला मी फोनच्या स्क्रीनवर शेवटचं पाहिलं.

महिन्याभराने भावावर भडकले. "का खोटं बोललास रे? मी आले असते!"

तो जराही चिडला नाही. दमलेल्या आवाजात म्हणाला, "आईनेच बजावलं होतं, तिच्या जिवाला घोर लावू नकोस म्हणून. पण ताई, तीन दिवस आई नुसती झोपून आहे, हे तुला खरंच पटलं होतं?"

"नाही," मी म्हटलं.