मागून उघडी झबली

"त्याच मशीनवर, आई? ज्याच्यावर माझ्या बाळाची दुपटी शिवलीस?"

"सुई बदलते मी."

"सुईचं नाही बोलत मी."

"मग कशाचं बोलतेस? मशीन एकच आहे. दुसरं हवं तर जावईबापूंना सांग, लग्नात द्यायचं राहिलं म्हणावं."

"चेष्टा नको करूस."

लेक खाटेवर डाव्या कुशीवर पडून होती. सातवा महिना होता. पोटातलं पाणी कमी झालंय, उठायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं म्हणून माहेरी आलेली. आईच्या मांडीवर पांढरं झबलं, तळहातावर मावेल एवढं. असली झबली ती जन्मताच गेलेल्या मुलांसाठी शिवायची.

पोट भरायचं ते फ्रॉक, गणवेश आणि उशांच्या अभ्र्यांवर. पण काही वर्षांपूर्वी चर्चमधल्या बायकांबरोबर ती दवाखान्यात आजाऱ्यांना भेटायला गेली होती. प्रसूतीच्या वॉर्डात मूल गेलेल्या एका बाईच्या उशाशी बसून, सगळ्या म्हणतात तसंच तीही म्हणाली, "देवानं नेलं गं. त्याच्यापाशी सुखात आहे."

बाईनं भिंतीकडे तोंड केलं. "उघडंच नेलं," म्हणाली.

मूल टेबलावर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं होतं.

त्यानंतर वॉर्डात तिनं देवाचं नाव तोंडानं काढलं नाही. झबली पाठवू लागली. चर्चच्या पाळकबाईंनी सुचवलं, छातीवर बायबलमधलं एखादं वचन भरा ना, छान दिसेल. ही म्हणाली, "वाचणार कोण?" पाळकबाई चार रविवार तिच्याशी बोलल्या नाहीत.

झबलं पाठीवर पूर्ण उघडं, फितीनं बांधायचं. गेलेल्या बाळाचे हात बाहीत घालायला वळवले तर कातडी सोलून निघते, म्हणून.

"आणि शिवण बाहेरच्या अंगाला कशाला?" लेक म्हणाली. "त्याला टोचणार आहे?"

"त्याच्या आईला टोचतं. ती आतून हात फिरवून बघते."

"सगळ्या जगाच्या आया कळतात तुला."

तेवढ्यात दारात वॉर्डातली आया आली. चप्पल न काढताच उभी राहिली. "काकू, तयार आहे का एखादं? लहानातलं. बाप रुमालात बांधून न्यायला निघालाय. कसाबसा थांबवून आलेय."

"दोन फिती राहिल्यात. बस."

"नको," लेक म्हणाली. आयाला नव्हे, आईला. "मी गेल्यावर काय शिवायचं ते शिव. मी या खोलीत असताना नको."

"पाच मिनिटं लागतील. तू तिकडे तोंड कर."

"तोंड केलं तरी मशीन ऐकू येतं मला." ती कोपरावर उठू लागली.

"पडून राहा."

"मग ठेव ते खाली."

आईनं मशीनवरचा हात काढला. झबलं मात्र खाली ठेवलं नाही. सुईत दोरा ओवला आणि फिती हातानंच टाचायला घेतल्या. आया कधी खाटेकडे बघे, कधी बाहेरच्या रस्त्याकडे.

"रात्रभर पोटावर हात ठेवून असते मी," लेक म्हणाली. आवाज चढला नव्हता. "हललं की मोजते. नाही हललं की देवाला विनवते. आणि सकाळी डोळे उघडले की तुझ्या मांडीवर हे."

"मीपण विनवते गं."

"त्या बायांच्या आयाही विनवत असतील."

पहिली फीत झाली. दुसरीला आईच्या हाताखाली दोरा गुंतला. तिनं टाका उसवला आणि पुन्हा घातला.

"आई, इकडे बघ. माझं तसं झालं, तर माझ्याही बाळाला तूच शिवशील?"

सुई कापडात अर्धी राहिली. आया म्हणाली, "असं बोलू नये, ताई."

आईनं उरलेले टाके घातले. गाठ मारली, कात्रीनं दोरा कापला. झबलं कागदात न गुंडाळता पदराखाली धरलं. खाटेजवळून जाताना लेकीच्या पायावरची सरकलेली चादर ओढून नीट केली. लेकीनं पाय आखडून घेतले.

"मी विचारलंय, आई."

आई आयाच्या पुढे होऊन बाहेर पडली.