‘बाहेर हाय’ची खिडकी

रागिणीचा त्या खिडकीवर राग होता, आणि राग जुना होता.

वसमतकडच्या एका कॉलेजची ती लायब्ररी. दाराशी जाळीची खिडकी आणि खिडकीआड शिपाई ग्यानोबा. पोरांनी चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव लिहून आत सरकवायचं, ग्यानोबानं चिठ्ठी डोळ्यांपासून लांब धरून वाचायची आणि बहुतेक वेळा एकच उत्तर द्यायचं, “बाहेर हाय.” म्हणजे पुस्तक कुणीतरी नेलंय. कुणी नेलं, परत कधी येणार, हे विचारायची सोय नव्हती. आत शिरून बघायची तर कुणाची टाप होती? ग्यानोबा माणूस वाईट नव्हता, उलट मायाळूच. पण संध्याकाळी त्याला शेळ्या घराकडं वळवायच्या असत, आणि उंच कपाटाची शिडी भारी डुगडुगायची.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला रागिणी याच कॉलेजात शिकली. कुरुंद्याहून एसटीनं यायची; घरातून कॉलेजची पायरी चढलेली ती पहिलीच. तर्कशास्त्राच्या एका पुस्तकासाठी तिनं वर्षभर खिडकीत चिठ्ठ्या सरकवल्या आणि वर्षभर ऐकलं, “बाहेर हाय, पोरी.” पुस्तकाविनाच पेपर दिला, कशीबशी सुटली. पुढं ग्रंथालयशास्त्राची पदवी घेऊन ती तिथंच ग्रंथपाल म्हणून आली, आणि पहिल्याच आठवड्यात शिडी लावून वर चढली. पुस्तक जाग्यावर होतं. पानंसुद्धा अजून एकमेकांना चिकटलेली. ते छातीशी धरून ती शिडीवरच बसली आणि पोटभर रडली. हे तिनं कुणालाच सांगितलं नाही. ग्यानोबाला तर नाहीच, कारण तो आता तिला म्याडम म्हणायचा आणि तिच्यासाठी डब्यात एक भाकर जास्तीची आणायचा.

मग दोन हजार सालानंतर लायब्ररीत कम्प्युटर आला. त्याचा थाट काय सांगावा! त्याला स्वतंत्र खोली, वर फुलाफुलांचं कापड, आणि चपला बाहेर काढल्याशिवाय प्राचार्यांनाही आत प्रवेश नाही. रागिणीनं कपाटामागून कपाट रिकामं करून एकेक पुस्तक त्यात भरलं. बोटं दुखायची, मान अवघडायची, पण उत्साह काही ओसरत नव्हता. पहिल्यांदा एका लेखकाचं नाव टाकलं आणि पडद्यावर त्याची सगळी पुस्तकं, कोणतं कुठल्या कपाटात, कोणतं कुणाकडं, अशी सरसर उभी राहिली, तेव्हा ती आनंदानं खुर्चीतून उठलीच. तिला वाटलं, आता ‘बाहेर हाय’चे दिवस भरले.

पण प्राचार्यांचा डोळा त्या कम्प्युटरवर होता. प्रवेशाच्या वेळी ऑफिसात फार गर्दी होते, तिथं तो जास्त कामाला येईल, असं त्यांचं म्हणणं. अखेर संस्थेचे अध्यक्ष पुनमचंदशेठ, मूळचे कापसाचे व्यापारी, यांनी तोडगा काढला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ते स्वतः येणार. कम्प्युटरवर नोंद करून त्यांच्यासमोर पुस्तकं देऊन दाखवली, तर तो लायब्ररीतच राहील, खिडकी निघेल आणि पोरांना आत फिरता येईल. नाही जमलं, तर सरळ ऑफिसात.

दसऱ्याला रागिणी नेहमीप्रमाणे घरच्यांबरोबर नागपूरला दीक्षाभूमीवर गेली आणि पहाटेच्या गाडीनं परतून थेट कामावर आली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, ग्यानोबानं शिरस्त्याप्रमाणे हत्यारांची पूजा केली होती. शिडी, पंचिंग मशीन, कुलूप, आणि यंदा कम्प्युटरसुद्धा. पडद्याला झेंडूची माळ, आणि कम्प्युटरला जोडलेल्या, पुस्तकावरच्या काळ्या पट्ट्या वाचणाऱ्या हातातल्या यंत्राला हळदकुंकू. हा तर मुंबईकडून आलेला पाहुणा, त्याचा मान मोठा, म्हणून त्याच्या काचेवरच ग्यानोबानं ओलं कुंकू चांगलं दाबून लावलं. रागिणीनं घाईघाईत माळ काढली, हळद पुसली. पण लाल दिव्याच्या काचेवरचं लाल कुंकू तिच्या झोपाळू डोळ्यांना दिसलं नाही.

पुनमचंदशेठ आले, चपला काढून बसले. रागिणीनं पुस्तक पुढं धरलं, बटण दाबलं. दिवा लागला, पण यंत्र मुकंच. दुसरं पुस्तक, तिसरं पुस्तक, तेच. प्राचार्य शेठजींच्या कानाशी लागले आणि शेठजी चपला शोधू लागले.

तेवढ्यात खिडकीशी पंचफुलाबाई येऊन उभ्या राहिल्या. त्या जवळा बाजारच्या अंगणवाडी सेविका. नोकरी सांभाळून बाहेरून बी.ए. करत होत्या. आत काय चाललंय याची त्यांना गंधवार्ता नव्हती. त्यांनी बालमानसशास्त्राच्या पुस्तकाची चिठ्ठी सरकवली. ग्यानोबाचं सगळं लक्ष शेठजींकडं. सवयीनं त्याच्या तोंडून गेलं, “बाहेर हाय.”

“म्याडम,” पंचफुलाबाईंनी जाळीतून हाक दिली, “हे पुस्तक कपाटात हाय म्हणून मागच्या बाजारच्या दिवशी तुमच्या कम्प्युटरनंच दाखवलं ना मला? मंग हे मामा बाहेर हाय काहून म्हणून राहिले?”

शेठजी थांबले. त्यांनी बोटानं पडद्याकडं खूण केली. रागिणीनं पुस्तकाचं नाव टाइप केलं आणि उत्तर आलं: कपाट तिसरं, वरचा खण, उपलब्ध. ग्यानोबा शिडी घेऊन गेला आणि पुस्तक घेऊन आला. त्याच्या बाहीला धूळ लागली होती.

“प्राचार्य,” शेठजी म्हणाले, “मशीन वाजलं न्हाई, पण खरं बोललं. ते इथंच राहू द्या. खिडकी काढा.”

रागिणीला हसू आवरेना. ग्यानोबानं ते यंत्र हातात घेतलं, उलटं करून बघितलं आणि जीभ चावली. खांद्यावरच्या रुमालानं त्यानं काच पुसली. पंचफुलाबाईंचं पुस्तक पुढं धरताच टुंय असा आवाज आला, आणि प्राचार्यांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या.

सगळे पांगल्यावर ग्यानोबा दाराशी घुटमळत राहिला.

“म्याडम, तुमी शिकायला व्हत्या तवा एक पुस्तक लई मागायच्या. तर्काचं. ते बी वरच व्हतं का?”

त्याच्या ते लक्षात असेल, असं रागिणीला कधी वाटलं नव्हतं. इतक्या वर्षांचा राग एका क्षणात उफाळून आला आणि तिथंच विरघळला.

“व्हय मामा,” ती म्हणाली. “वरच होतं.”

सोमवारी सुतार आला, तेव्हा जाळीचा पहिला खिळा ग्यानोबानंच उपटला, आणि बाहेर थांबलेल्या पोरापोरींना म्हणाला, “या आत. अन् माझ्यावर इसंबू नका, आपापल्या डोळ्यांनी बघा.”