ओळंब्याचा देव

गोंडपिपरीत आमचं घर बांधणारा गवंडी बोलायचा कमी, ओळंबा सोडायचा फार. दर दोन थरांनंतर दोरीला बांधलेलं ते लोखंडी वजन भिंतीशेजारी लोंबायचं आणि तो एक डोळा मिटून बघायचा. भिंत बोटभर कलली असली, तर स्वतःचं अर्ध्या दिवसाचं काम लाथेनं पाडायचा.

"देव असाच उभा रायते, भाऊ," म्हणायचा. रविवारी तो चर्चमध्ये जायचा. इस्राएलातल्या एका जुन्या संदेष्ट्याला देव हातात ओळंबा घेऊन दिसला होता, हे मला त्याच्याकडूनच कळलं. असल्या देवापुढे याला झोप कशी लागते, याचं मला कुतूहल होतं.

एकदा शेजारच्या म्हातारीनं त्याला बोलावलं. तिच्या घराची मातीची भिंत चांगली वीतभर झुकली होती. त्यानं ओळंबा सोडला, बराच वेळ पाहिलं. आता लाथ बसणार म्हणून मी मागे सरकलो. त्यानं ओळंबा गुंडाळून खिशात घातला आणि बाहेरून विटांचा जाड टेकू बांधायला घेतला.

"पाडली काऊन नाई?" मी विचारलं.

"भिंत वाकडीच हाये. ओळंबा खोटं बोलत नाई," तो म्हणाला. "पण अंदर बुढी राहून राह्यली ना, भाऊ."