खड्डेमामांनी घातलेली जमीन

खड्डेमामांचं काम पाडण्याचं होतं आणि त्यांना ते मनापासून आवडायचं. पाडायचं खरं तर एका गाडीला. पण गाडी पडली की तिच्यामागे राबणाऱ्या आठ-दहा शिकल्यासवरल्या माणसांची तोंडं उतरत, आणि मामांना खरी गोडी त्या उतरलेल्या तोंडांची होती.

गाडी म्हणजे रोव्हर, मंगळावर पाठवायची, सहा चाकांची. तिच्या सरावासाठी एका लांबलचक पत्र्याच्या शेडमध्ये वाळू पसरलेली होती. मामा रोज सकाळी फावडं, घमेलं आणि दाताळं घेऊन तिथं नवी जमीन घालत. दगड रचत, चढउतार करत, आणि कुठंतरी एक खड्डा खणून त्यात पिठासारखी भुसभुशीत वाळू भरत. वरून पाण्याचा हलका शिपका मारून पातळ कडक थर आणत. वरून बघणाऱ्याला काही म्हणता काही कळत नसे. म्हणून ते खड्डे, आणि ज्याला त्याला मामा बनवतात म्हणून मामा. हे नाव त्यांना इतकं आवडलं होतं की खरं नाव कुणी घेतलं तर ते वळूनही बघत नसत.

मंगळ फार लांब. तिथला फोटो इथं पोचायला मिनिटांवर मिनिटं जातात आणि इथून 'थांब' म्हटलेलं तिथं ऐकू जायला पुन्हा तेवढीच. इथल्या माणसाला खड्डा दिसेपर्यंत चाक त्यात रुतलेलं असतं. आधीच्या गाड्यांना जरा शंका आली की त्या उभ्या राहायच्या आणि इथल्यांना विचारायच्या. उत्तर मिळायला दुसरा दिवस उजाडायचा. अशानं गाडी आयुष्यभर एकाच माळावर घुटमळते. म्हणून ही नवी गाडी कुणाला न विचारता, स्वतः बघून, स्वतः ठरवून चालली पाहिजे असं ठरलं होतं. आणि तिला ते शिकवायचं काम ज्या बाईकडे होतं ती मामांची एकुलती एक मुलगी.

बाप खड्डे खणणार आणि लेक गाडीला त्यातून वाचवणार. शेडमधल्या लोकांना याची मोठी मजा वाटायची. लेकीला वाटायची नाही.

मामांचा खड्डा कधी दगडांत नसायचा. तसले खड्डे कुणीही खणील. ते आधी गाडीला दगडधोंड्यांतून नेऊन तिच्या नाकी नऊ आणत, आणि मग सुटलो एकदाचे असं वाटावं अशी छान, मोकळी, सपाट वाळू तिच्यापुढं पसरून ठेवत. खड्डा तिथं.

"घाबरलेला पाय जपून टाकतो," ते चहा पिता पिता समजावून सांगत. "हुश्श केलं की मग बघा कसा धाडकन जातो."

घरीही त्यांची हीच तऱ्हा. मुलीला सायकल शिकवायची होती तेव्हा त्यांनी तिला खडीच्या बोळातून नेलं, सीटला धरून, धापा टाकत, अगदी प्रेमानं. डांबरी रस्ता लागला. मुलगी पहिल्यांदा हसली, आणि मामांनी हँडलला हिसका दिला. समोरचा अर्धा दात गेला. "आता जन्मात विसरणार नाहीस," ते म्हणाले, आणि ती खरंच विसरली नाही. पुढं एकदा निकालाच्या दिवशी त्यांनी तिला शाईचं पेन आणलं. पाठ थोपटली, शेजारी बसवलं, आणि लाडानं विचारलं, "तुझ्या त्या मैत्रिणीचं काय झालं ग?" मैत्रिणीला जास्त गुण होते. दुसऱ्या दिवशी ते पेन मामांनी स्वतः नेऊन मैत्रिणीला दिलं. बायको मध्ये पडली की म्हणत, "जग काय हिला मांडीवर घेऊन बसणार आहे?" बायकोला पुढं पुढं मध्ये पडायचा कंटाळा आला. मुलीचं असं झालं की बाबा तडकले की ती निवांत असायची, आणि गोड बोलायला लागले की तिचे हात गार पडायचे.

ती शिकली, मोठी झाली, आणि तिला नोकरी लागली ती नेमकी बापाच्या शेडमध्ये. नशीब काही माणसांच्या हात धुऊन मागे लागतं.

पहिले कित्येक महिने गाडी रोज पडत होती. नीट पार झाली की तिला गुण मिळत, रुतली की कापले जात, आणि त्यातून तिनं आपली आपण अक्कल कमवावी अशी ती शिकवणी. अक्कल काही येत नव्हती. दगडांतून शहाण्यासारखी वाट काढायची आणि मोकळी वाळू दिसली की सुसाट जाऊन बुडायची. मामा उपड्या घमेल्यावर बसून बघत.

"तुझ्यावरच गेलीय," ते सगळ्यांदेखत मुलीला म्हणत. "जरा सपाट दिसलं की चालली हुरळून."

मुलगी मान खाली घालून गाडी बाहेर काढायची. मग तिनं शिकवणीत काहीतरी बदललं, आणि गाडी वाचायला लागली. सपाट वाळूच्या कडेला थबकायची, काठाकाठानं वळसा घालून पुढं जायची. मामांनी खड्डे रुंद केले, दोन-दोन केले, थर आणखी पातळ केला. गाडी काही सापडेना. मामांचं जेवण तुटलं. तरी त्या चिडण्याच्या तळाशी त्यांना एक आशा होती, आणि ती कुणाला सांगायची त्यांची छाती नव्हती. मुलीनं एकदा तरी म्हणावं, बाबा, हे तुमच्यामुळे झालं. सगळ्या जन्मात त्यांना तिच्याकडून एवढंच हवं होतं.

गाडी रवाना झाली त्या दिवशी मुलीनं सगळ्यांचे आभार मानले. चहावाल्यालाही ती विसरली नाही. मामा पुढच्या रांगेत इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. त्यांचा उल्लेख आला नाही.

"तोंड दुखलं असतं का?" त्यांनी घरी विचारलं.

"जेवून घ्या," ती म्हणाली.

गाडी मंगळावर सुखरूप उतरली. सुरुवातीचा दगडांचा पट्टा तिनं असा पार केला की इथं लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर एक पठार होतं, नजर जाईल तिथवर सपाट, आणि पलीकडे उन्हाकडे तोंड केलेला एक उतार. थंडीचे महिने त्या उतारावर काढले तरच गाडी जगणार होती. नाहीतर तिच्या बॅटऱ्या गोठून ती कायमची बंद पडणार होती. गाडी पठाराच्या कडेला आली आणि थांबली. डावीकडे गेली, उजवीकडे गेली, आणि मागं फिरून पुन्हा दगडांत शिरली. इथून हुकूम देऊन तिला चार पावलं पुढं आणावी तर मोकळी सोडताच ती परत फिरे. धारदार दगडांनी तिच्या चाकांचे पत्रे फाटायला लागले. थंडी जवळ येत होती, आणि मुलीच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता.

शेवटी या मोहिमेच्या प्रमुख बाईंनी मामांना बोलावलं. तिथले फोटो त्यांच्यापुढं टाकले आणि हुबेहूब तशीच जमीन घालायला सांगितली. गाडीची जुळी बहीण शेडमध्येच होती. तिला त्या जमिनीवर चालवून बघायचं होतं.

"अडलं ना शेवटी माझ्याशिवाय," मामा म्हणाले, आणि फोटोवर फोटो बघत त्यांनी ती जमीन घातली. तेवढं इमानदार काम त्यांनी उभ्या आयुष्यात केलं नव्हतं. दगड, दगडांपुढं सपाट वाळू. खाली एकही खड्डा नाही.

गाडी दगडांतून आली आणि वाळूच्या कडेला थांबली.

"वाळूवर थोडे दगड टाका," प्रमुख बाई म्हणाल्या. मामांनी टाकले. गाडी लगेच निघाली, दगडांवरून खडखडत पार झाली. दगड उचलले, दाताळं फिरवून वाळू सारखी केली. गाडी थांबली. पुन्हा दगड टाकले, निघाली. प्रमुख बाई मुलीकडे वळल्या.

"हे तिचं ती शिकली की कुणी शिकवलं?" त्यांनी विचारलं.

"मी," मुलगी म्हणाली. "अवघड वाट संपून सोपी लागली की तिथं धोका जास्त धरायचा, असं मीच शिकवणीत घातलं."

"कशावरून?"

"मी कशावरून असा विचारच केला नाही," ती म्हणाली. "मला वाटलं, जमीन अशीच असते."

मामांच्या डोक्यात प्रकाश पडला आणि आधी त्यांना हसूच आलं. "म्हणजे मंगळावर गेली तरी भिते मलाच," ते म्हणाले. कुणी हसलं नाही. चहा घेऊन आलेला माणूसही खाली बघत उभा राहिला. मामांनी हळूहळू सगळ्यांच्या तोंडांकडे बघितलं. उतरलेलीच होती, पण या वेळी त्यात गोडी नव्हती.

"उपाय आहे?" प्रमुख बाईंनी विचारलं.

"हिला पुन्हा पहिल्यापासून शिकवायचं आणि ती शिकवणी मंगळावरच्या गाडीला पाठवायची. जमीन वेगवेगळ्या लोकांकडून घालून घ्यायची, आणि बाबांनी घातलेली जेवढी जमीन तिच्यात आहे ती सगळी पुसून टाकायची. एकसुद्धा ठेवायची नाही."

"थंडीच्या आत होईल?"

"माहीत नाही. झालं तर वाचेल."

प्रमुख बाई निघून गेल्या. आठवड्याभरात नवी माणसं येतील, आता मामांनी शेडमध्ये येऊ नये, असं जाता जाता त्यांनी सांगितलं. मुलगी गाडीजवळ उकिडवी बसून चाकांतली वाळू झाडत होती. मामा दाताळं धरून तिच्यामागं उभे राहिले. त्यांना रडायला येत होतं आणि त्याची त्यांना लाज वाटत होती.

"सगळं पुसणार?" ते म्हणाले. "अग, चालायला शिकली ती माझ्यामुळे. एवढं तरी म्हण."

"तुमच्यामुळेच," मुलगी म्हणाली. तिनं मागं वळून बघितलं नाही. "पण गाडी आहे ती, बाबा. तिच्यातलं पुसता येतं."